नॉर्माच्या कढीपत्त्यावरचं वऱ्हाड

रेमंड डिमेलोने आयुष्यात दोनच फुशारक्या मारल्या. पहिली लग्नाआधी, नॉर्माच्या बापासमोर, मला पोहता येतं म्हणून. धादांत थाप होती ती, पण कुणी त्याला विहिरीत ढकलून बघितलं नाही म्हणून निभावली. दुसरी मारली ती मुलीच्या होणाऱ्या सासूसमोर, आणि ती अशी अंगाशी आली की विचारू नका.

आधी हा माणूस कोण ते सांगायला हवं. दादरला, वेस्टला, एका जुन्या वाडीत, लाकडी जिना चढून वर गेलं की रेमंडचं घर. घरात तो, बायको नॉर्मा आणि मुलगी ॲलिसन. पस्तीस वर्षं त्याने रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत नोकरी केली. फळीवर नुसती नजर टाकून सागवान कुठलं ते सांगायचा, पण झाडाचं पान म्हणून कधी निरखून बघितलं नव्हतं. गेल्या वर्षी साठी झाली आणि मालकाने नारळ दिला. खराखुरा नारळ, शालीसकट. दुसऱ्या दिवसापासून रेमंड नॉर्माच्या पायात पायात यायला लागला.

"सारखा फ्रिज उघडून काय बघतोस?" नॉर्मा करवादायची. "मघाशी जे होतं तेच आहे आत. जा ना कुठेतरी, माणसासारखा!"

तो कुठे गेला नाही, पण जुलैमध्ये एक गोष्ट झाली. नॉर्माच्या गॅलरीत कढीपत्त्याची मोठी कुंडी होती. त्याच्या पानावर पक्ष्याने शिटावं तसं काहीतरी पडलेलं दिसलं. नॉर्मा फडकं घेऊन पुसायला गेली, तर ते चालायला लागलं. "ईऽऽ, अळी!" म्हणून तिने चप्पल काढली. रेमंड पेपर टाकून धावला.

"थांब थांब! मारू नकोस. बघू या तरी काय करते."

"काय करणार? माझा कढीपत्ता खाणार!"

रेमंडने फांदीसकट अळी आत आणली, फांदी पाण्याच्या बाटलीत उभी केली आणि वरून जेवणावर झाकायची जाळी ठेवली. अळी खात सुटली. आठवड्याभरात हिरवीगार, लठ्ठ झाली. एकदा रेमंडने अगदी नाक जवळ नेलं, तर तिने डोक्यातून दोन लाल शिंगं बाहेर काढली आणि आंबट, सडक्या संत्र्यासारखा वास सोडला. "नॉर्मा, ही माझ्यावर चिडली गं!" तो आनंदाने ओरडला. पस्तीस वर्षांत मालक चिडल्यावर तो इतका खूश झालेला कुणी बघितला नव्हता.

मग अळीने खाणं सोडलं, फांदीला स्वतःला एका धाग्याने बांधून घेतलं आणि कोष केला. दहा दिवसांनी, सकाळी चहाच्या वेळेला, त्या कोषातून एक काळंभोर फुलपाखरू बाहेर आलं. पंख आधी ओलेचिंब, चुरगळलेले. तास-दीड तासात ते सुकले, ताठ झाले, खालच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसली, आणि फुलपाखरू गॅलरीतून उडून गेलं. रेमंडचा चहा तसाच राहिला. हा आपल्या हातून झालेला प्रकार आहे, यावर त्याचा विश्वासच बसेना.

झालं! माणसाला वेड लागायला आणखी काय लागतं? गणपती येईपर्यंत रेमंडने अकरा फुलपाखरं उडवली. ही बातमी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पोचली, तिथे त्याचा दोस्त बाबुराव बसायचा. बाबुराव परळच्या चाळीतला. रोज बसने शिवाजी पार्कला यायचा आणि कट्ट्यावर बसायचा, याला तो मॉर्निंग वॉक म्हणायचा. महापालिकेच्या बागांमध्ये पाठीला पंप लावून औषध मारण्यात त्याची तीस वर्षं गेली होती.

"लोक कुत्रं पाळतात रे, पोपट पाळतात," बाबुराव म्हणाला. "तू अळ्या पाळतोस? अरे, मी यांना मारायचा पगार घेतलाय!"

तरी बघायला आला. आला तो दर गुरुवारी यायला लागला. एकदा कुणाचं लक्ष नाही असं बघून जाळीपाशी वाकला आणि अळीला हळूच म्हणाला, "माफ कर बाई. नोकरी होती." नॉर्माने ते ऐकलं, पण भल्या बाईने हसू दाबलं.

आता ती फुशारकी. ॲलिसनचं लग्न ठरलं होतं. मुलगा ज्युलियन, बँकेत, वडाळ्याला स्वतःचा फ्लॅट. सप्टेंबरातल्या एका रविवारी तो आईला घेऊन जेवायला आला. आई एव्हलिन, प्रभादेवीची, इंग्रजी शाळेची रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. समोरच्या माणसाची वही तपासावी तशी ती प्रत्येकाकडे बघायची. नॉर्माने डुकराच्या मटणाचं सोर्पोतेल आणि गोल फुगलेल्या, तळलेल्या फुगिया केल्या होत्या. लग्नाची बोलणी चालली होती. हॉल एव्हलिनने बघितला होता, गाऊन नॉर्मा स्वतः शिवत होती, अंगठ्या ॲलिसनच्या गॉडमदरच्या, केक नॉर्माचा भाऊ स्टॅनली देणार. रेमंड गप्प बसून फुगिया खात होता. त्याच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं, आणि द्यायला त्याच्याकडे होतं तरी काय? एकुलत्या एक पोरीच्या लग्नात बापाच्या हातचं काहीच नव्हतं. ते त्याला आत कुठेतरी टोचत होतं.

तेवढ्यात एव्हलिन म्हणाली, "आजकाल चर्चमधून जोडपं बाहेर आलं की फुलपाखरं सोडतात. माझ्या भाचीच्या लग्नात होती. ऑर्डर दिली की खोक्यात येतात. अर्धी मेलेली निघाली ती गोष्ट वेगळी."

"ऑर्डर कशाला?" रेमंडच्या तोंडून निघून गेलं. "माझ्या ॲलिसनच्या लग्नात फुलपाखरं मी सोडणार. घरची. पंचवीस!"

टेबलाखालून नॉर्माची लाथ बसली, पण उशीर झाला होता. ॲलिसनने ताट सोडून टाळ्या वाजवल्या. "डॅडी! खरंच? चर्चच्या दारात? प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"मी सगळ्यांना सांगेन हं, मिस्टर डिमेलो," एव्हलिन चष्म्यावरून बघत म्हणाली.

"सांगा की! बिनधास्त सांगा!"

पाहुणे जिना उतरले आणि नॉर्माने तोंड उघडलं. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! झाडावर एक अंडं नाही, आणि हा पंचवीस उडवतोय!"

पण रेमंडला चिंता नव्हती. लग्न बावीस नोव्हेंबरला होतं आणि त्याचं गणित पक्कं होतं. अंड्याचे चार दिवस, अळीचे पंधरा, कोषाचे दहा. कॅलेंडरवर उलटं मोजायचं की झालं. इतक्यात हॉलवाल्याने घोळ घातला. तीच तारीख आधी दुसऱ्याला दिलेली निघाली. पुढचे आठवडे ॲडव्हेंटचे, ख्रिसमसच्या तयारीचे, त्यात चर्चमध्ये लग्नं लावत नाहीत. तेव्हा लग्न गेलं थेट दहा जानेवारीवर. रेमंडने शांतपणे कॅलेंडरचं पान उलटलं. तारीख सरकली तसं त्याने गणितही सरकवलं. फक्त हवा सरकते हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

डिसेंबर लागल्यावर त्याने वाडीतली प्रत्येक लिंबाची आणि कढीपत्त्याची कुंडी धुंडाळली आणि मोहरीएवढी तीस अंडी गोळा केली. अंड्यातून अळ्या निघाल्या, अळ्या खायला लागल्या. आता एक अळी खाते ते दिसत नाही हो, पण तीस अळ्या! ख्रिसमसला आठवडा असताना नॉर्माच्या कढीपत्त्याचा नुसता खराटा झाला. नॉर्मा ख्रिसमसच्या फराळाचे गोड कुलकुल वळत बसली होती. हात पिठाचे, डोक्याला ताप. तिनेच नवऱ्यावर दया येऊन उपाय काढला. भाजीवालीकडून कढीपत्त्याची मोठी जुडी आणली, स्वच्छ धुतली आणि अळ्यांना घातली. संध्याकाळपर्यंत सात अळ्या काळ्या पडून बाटलीखाली पडल्या.

रेमंडने बाबुरावला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

"बाजारचा पाला घातला?" बाबुराव किंचाळला. "अरे येड्या, त्याच्यावर औषध मारलेलं असतं! धुतल्याने जातं का ते? मला विचार ना, मी मारलंय! काढ, आधी काढ तो!"

नॉर्मा पिठाच्या हातांनी डोळे पुसत होती. "मी मारलं रे त्यांना. मी." एरवी चप्पल काढणारी बाई, ती अळ्यांसाठी रडत होती. रेमंडने तिला जवळ घेतलं. तासाभरात खाली टॅक्सी थांबली. बाबुराव आणि त्याची बायको कौसल्या दोन पिशव्या भरून कढीपत्ता घेऊन आले होते. कौसल्याने परळच्या चाळीतले चारही मजले पालथे घातले होते. गॅलरीत कुंडी दिसली की दार वाजवायचं आणि विचारायचं, औषध मारलंय का? नाही? मग दे.

"पूर्ण चाळीच्या डाळीला आज नुसती मोहरी-जिऱ्याची फोडणी," ती धापा टाकत म्हणाली. "पण पोरीचं लग्न आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? खाऊ देत यांना."

उरल्या तेवीस. त्या मात्र अशा वाढल्या की बघत राहावं. रेमंडने खराट्याच्या जाड काड्या कापून जाळीत उभ्या केल्या होत्या. वर्ष संपायच्या आत एकेक अळी एकेका काडीवर चढली, धाग्याने स्वतःला बांधलं आणि कोष केला. तेवीस काड्या, तेवीस कोष.

"पंचवीस म्हटलं होतं, तेवीस झाले," रेमंड म्हणाला. "एव्हलिन काय मोजायला बसणार आहे?"

"बसेल," नॉर्मा म्हणाली. "हेडमिस्ट्रेस आहे ती."

आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत थंडी पडली. थंडी म्हणजे काय, तर मुंबईची. लोक माळ्यावर चढून स्वेटर शोधायला लागले, कट्ट्यावर बाबुराव माकडटोपी घालून आला. आपल्याला बरं वाटलं, पण कोषांना नाही वाटलं. सात तारीख गेली, आठ गेली. एकाही कोषाने रंग बदलला नाही. फुलपाखरू निघायच्या आदल्या दिवशी कोष काळा पडतो, आतले पंख दिसतात, हे रेमंडला एव्हाना पाठ होतं. इथे सगळे हिरवे आणि तपकिरी, ढिम्म. त्याने शेजारी बल्ब लावला. नॉर्माने गरम पाण्याची पिशवी ठेवली. काही उपयोग झाला नाही.

"थंडीत महिना-महिना झोपतात ते," बाबुराव जाळीत बघून म्हणाला.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तू विचारलंस कुठे? आणि आम्ही काय त्यांच्या झोपेपर्यंत थांबत होतो का रे? आधीच मारायचो."

रेमंड खुर्चीत बसला तो बसलाच. पावसाळ्यातले दहा दिवस त्याने जानेवारीत मोजले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दहा जानेवारीची सकाळ उजाडली. घरात नुसता गोंधळ. ॲलिसन गाऊनमध्ये, नॉर्माच्या तोंडात टाचण्या, पाहुणे जिन्यापर्यंत, आणि रेमंड आरशासमोर टायशी भांडत होता. शेवटचं एकदा जाळीत बघावं एवढीही हिंमत त्याला झाली नाही. निघताना काय वाटलं कुणास ठाऊक, सगळ्या काड्या केकच्या एका मोठ्या खोक्यात ठेवल्या आणि खोकं काखेत मारलं.

चर्चमधली मास झाली, लग्न लागलं, जोडपं चर्चच्या दारात आलं. दोनशे माणसं माना वर करून उभी. एव्हलिनने खरंच सगळ्यांना सांगितलं होतं! कुणीतरी गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. बाकी हवेत काहीच नव्हतं. माना वरून खाली आल्या आणि रेमंडकडे वळल्या. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. ॲलिसनने त्याच्याकडे बघितलं, हसली आणि म्हणाली, "डॅडी, कोट मस्त दिसतोय तुला." तिने एक शब्द जरी रागाने काढला असता तरी त्याला हलकं वाटलं असतं.

संध्याकाळी हॉलमध्ये बँड लागला, केक कापला, टोस्ट झाला. लोक नाचायला उठणार, एवढ्यात रेमंड स्टेजवर चढला. नॉर्माने कपाळाला हात लावला. जो माणूस वखारीच्या मीटिंगमध्ये पस्तीस वर्षांत एकदा बोलला नाही, त्याने बँडवाल्याच्या हातातला माइक घेतला.

"मी, रेमंड. मुलीचा बाप," तो म्हणाला. माइक किंचाळला. "मी सांगितलं होतं, फुलपाखरं उडवीन. नाही उडाली. चूक त्यांची नाही, माझी. मी त्यांना पावसाळ्याचं कॅलेंडर लावलं आणि थंडी पडली. ती झोपलीयेत."

हॉल हसला. रेमंडलाही जरा धीर आला.

"पण मेलेली नाहीत. मी रोज बघतो, जिवंत आहेत. त्यांना तुमच्या-माझ्या मुहूर्ताचं काय पडलंय? तर मी असं म्हणतो, एकेक घरी घेऊन जा. काडी ग्लासात उभी करा, उन्हात ठेवू नका, मुंग्या लागू देऊ नका. ज्याच्याकडे निघेल त्याने मला फोन करा. ॲलिसनच्या लग्नाचं फुलपाखरू आहे म्हणून उडवा. बस, एवढंच." आणि त्याने केकचं खोकं उघडलं.

मागून बाबुराव उठला. "तीस वर्षांचं पाप आहे माझ्या डोक्यावर. पहिला मला दे."

त्याच्या मागे स्टॅनली आला. मग गॉडमदर, मग ज्युलियनच्या बँकेतली माणसं, मग बँडचा ट्रंपेटवाला. रांगच लागली. सुटाबुटातली माणसं पेपर नॅपकिनमध्ये खराट्याची काडी गुंडाळून, मेणबत्ती धरल्यासारखी जपून टेबलावर नेत होती. सगळ्यात शेवटी एव्हलिन आली.

"लग्नात खराटा वाटणारा बाप मी पहिल्यांदा बघितला," ती म्हणाली. "द्या. पण नाही निघालं ना, तर मी तुम्हाला सोडणार नाही."

खोकं रिकामं झालं. रेमंड नॉर्माबरोबर दोन गाणी नाचला, तिच्या पायावर चार वेळा पाय दिला.

दुसऱ्या दिवशी घर इतकं शांत होतं की गॅलरीतला कावळासुद्धा मोठा वाटला. ॲलिसन गेली, अळ्या गेल्या. रेमंड पुन्हा फ्रिज उघडून उभा राहायला लागला, आणि यावेळी नॉर्मा काही बोलली नाही. आठ दिवस असे गेले.

मग हवा बदलली. एकोणीस तारखेला सकाळी सात वाजता फोन वाजला. स्टॅनली ओरडत होता. त्याने काडी ऑफिसच्या टेबलावर पेनांच्या डब्यात ठेवली होती, घरी मांजर आहे म्हणून. "वॉचमनने फोन केला रे! माझ्या फाईलवर बसलंय! मी लुंगीवर टॅक्सीत बसलोय!" दुपारी ट्रंपेटवाल्याचा फोन आला. मग रोजच यायला लागले. रेमंडने नॉर्माकडून लाल पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरवर प्रत्येकाचं नाव लिहायला लागला. परळहून कौसल्याने व्हिडिओ पाठवला. फुलपाखरू बाहेर येऊन बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीवर बसलं होतं, खाली चाळीतली पोरंटोरं, आणि बाबुराव सगळ्यांना दटावत होता, "आवाज नाय! पंख सुकतायत!" व्हिडिओच्या शेवटी त्याचा चेहरा येतो. रेमंडने तो व्हिडिओ किती वेळा बघितला याला गणती नाही.

रविवारी साडेनऊला एव्हलिनचा फोन आला.

"मिस्टर डिमेलो, चाळीस वर्षांत माझी संडे मास चुकली नाही. आज चुकली. साडेसातपासून मी नाइटगाऊनमध्ये खिडकीत उभी आहे. बाहेर दोन कावळे टपून बसलेत, आणि हे अजून पंखच सुकवतंय!"

"मग आता?"

"आता काय? उभी राहणार. फादरना तुम्ही सांगा कारण." मग एकदम बाईचा आवाज मऊ झाला. "रेमंड, काय सुंदर आहे हो हे."

महिना संपला तेव्हा कॅलेंडरवर बावीस नावं होती. रेमंडची छाती फुगली होती. पार्कात लोक त्याला थांबवून विचारत होते. पण तेविसावा कोष कुणाकडे गेला ते काही केल्या आठवेना. तो बोटांवर मोजत बसला. नॉर्मा बोंबील साफ करता करता सहज म्हणाली, "ॲलिसनला दिलास का रे एक?"

रेमंडचं बोट हवेतच राहिलं. ट्रंपेटवाल्याला दिला. बँकेच्या शिपायाला दिला. ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांना दिला. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तिला?

"मी विसरलो, नॉर्मा," तो म्हणाला. "माझ्या पोरीला मी विसरलो."

"मग जा आणि सांग तिला. उद्या रविवार आहे. मीपण येते."

रात्रभर त्याने कूस बदलली. सकाळी नॉर्मा मासला गेली आणि परत आली तरी तो कपडे करून जिन्यातच बसलेला. वडाळ्याला पोचेपर्यंत टॅक्सीत त्याने माफीची चार वाक्यं जुळवली, चारही विसरला. बेल वाजवली. दार किलकिलं झालं आणि आतून ॲलिसन ओठावर बोट ठेवून म्हणाली, "श्श! चपला हळू काढ. जोरात चालू नको."

"बेटा, मला तुला एक..."

"नंतर! आधी आत ये!"

किचनच्या खिडकीत स्टीलच्या ग्लासात तांदूळ भरून त्यात खराट्याची काडी उभी केलेली होती. काडीवर कोष होता. काळा पडलेला. आत पंखांची पांढरी-लाल नक्षी आरपार दिसत होती. शेजारी ज्युलियन श्वास रोखून उभा, हातात मासे उलटायचा कालथा.

रेमंड बघत राहिला. "हा... हा कुठून आला?"

"चोरला," ॲलिसन म्हणाली. "लग्नाच्या सकाळी. तू टाय बांधत होतास तेव्हा जाळी उचलून एक काडी काढली आणि माझ्या बॅगेत ठेवली. मम्मीने बघितलं."

रेमंडने वळून नॉर्माकडे बघितलं. ती बाई खिडकीबाहेरचा नळ फार लक्ष देऊन बघत होती.

"अगं, पण मागायचा होतास! मी काय नाही म्हटलं असतं?"

"सगळ्यांनी मला काय काय दिलं, डॅडी. गाऊन दिला, अंगठ्या दिल्या, केक दिला. तुझं काही घेतल्याशिवाय मी त्या घरातून निघणार होते काय? उडू दे नाहीतर नको, मला ते न्यायचंच होतं." ती एवढं बोलली आणि तिचेच डोळे भरून आले. "आता बोलू नको. बघ."

कोष वरच्या बाजूने उकलला. आधी पाय आले, मग डोकं, मग ओला, चुरगळलेला जीव काडीला लटकला. पंख हळूहळू उतरत गेले. काळे, मध्ये पांढरे, कडेला लाल ठिपके. मादी होती. तव्यावर मासे करपले, तरी कुणी जागचं हललं नाही. रेमंड रडत होता. साठी उलटलेला माणूस, मोकळेपणी, नाक ओढत रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

तासाभराने फुलपाखराने पंख दोन-तीनदा उघडले, मिटले. ॲलिसनने खिडकीची जाळी सरकवली आणि रेमंडचा हात धरून पुढे केला.

"चल, डॅडी. उडव. प्रॉमिस केलं होतंस मला."

रेमंडने बोट काडीला लावलं. फुलपाखरू बोटावर चढलं. त्याने हात खिडकीबाहेर नेला. ऊन पडलं होतं. एकदा ते थरथरलं, उडालं, खालच्या गाड्यांवरून एक गिरकी घेतली आणि समोरच्या बिल्डिंगच्या आड गेलं. ॲलिसनने टाळ्या वाजवल्या, इतक्या जोरात की खालचा वॉचमन वर बघायला लागला.